साडेएकवीस

आई तिला मार्शला म्हणायची.
मरीआई, शीतळा, तशीच ही मार्शला.
चौकटीला कांदा बांधला, लिंबाचा डहाळा खोचला,
विड्यांचं सूप मांडीवर ओढलं आणि म्हणाली,
जाईल. असल्या बाया कुणाकडं कायमच्या राहत न्हाईत.

मी अकरा वर्षांचा. साखर पेठेत
लालसाब मास्तरांच्या दुकानात काजं करायचो.
मे महिना. सुई उचलली तर बोट भाजायचं.
पांढरी टोपी दिसली की फटके,
दवंडीवाला तीन भाषांत सांगून गेला,
कानडीत जरा हळू,
कारण त्याचा सासरा कानडी, आणि टोपीवाला.

मास्तरांना अक्षर येत नव्हतं, आकडे यायचे.
त्यांच्या वहीत गाव असं होतं:
बावीस. साडेएकवीस. पावणेतेवीस.
आकड्यापुढं ठिपका असला तर उधारी.

शिपाई आले, कापड रस्त्यात जाळलं,
वही साहेबानं स्वतः उचलली.
ही डोकी कुणाची, दुभाष्यानं विचारलं.
मास्तर म्हणाले, टोपीला नाव नसतंय साहेब,
घेर असतोय.
एकशे चौदा डोकी.
उद्या चावडीपुढं ओळखून दे,
नाहीतर सगळी तुझ्या नावावर.

त्या रात्री कुणी कुणाला काही सांगितलं नाही.
सांगणार कसं, दार उघडलं तर गोळी.
माग बंद होते, म्हणून
भिंतीपलीकडचा खोकला ऐकू यायचा.
त्या रात्री पेठेत
खोकला जरा जास्तच झाला, एवढंच.

सकाळी गिरणीचा भोंगा वाजला
आणि माणसं गिरणीकडं गेली नाहीत.
चावडीपुढं आली, एकामागं एक,
रुमाल काखेत, फेटा हातात, तुर्की टोपी खिशात,
उघडी डोकी उन्हात धरून.
सगळ्यात पुढं इरय्या न्हावी,
ज्यानं जन्मात टोपी घातली नव्हती,
डोकं तुळतुळीत.
आमचं बी मोजा, म्हणाला.

रीळ खात्यातली काशी आली, पदर मागं सारला.
कोष्टी गल्लीतले यमूल आले, काठी टेकत.
आणि माझी आई. तंबाखूची भुकटी केसांत तशीच.

ओळखायचं तर मोजायला पाहिजे की, मास्तर म्हणाले,
आणि गळ्यातली टेप काढली.
ते मोजत, मी ओरडत,
दुभाष्या लिहीत.
साडेएकवीस. साडेएकवीस. बावीस.
काशी साडेएकवीस. आई साडेएकवीस.
बंदूक घेतलेला एक कोवळा गोरा
ओठातल्या ओठात माझ्यामागून म्हणत होता
आकडे, चुकत चुकत.
कुणी घोषणा दिली नाही. कुणी बसलंही नाही.
यमूल खाली पडले, त्यांना सावलीत नेलं,
त्यांची जागा तशीच मोकळी ठेवली.

तीनशेच्या पुढं कुठंतरी
साहेबानं वही मिटली
आणि मास्तरांना खांबाला बांधायला लावलं.

मला मोजायची सवय लागली होती.
मी मोजलं. मोठ्यानं.
एक. दोन.
माझा आवाज पाचाला फाटला,
सहा रांगेतून कुणीतरी म्हटलं,
सात सगळ्यांनी.
दहा झाल्यावर सोडलं त्यांना.
सदरा पाठीला चिकटलेला.
तसेच वाकून टेप शोधू लागले धुळीत.
मी दिली.
मास्तर म्हणाले, हां. पुढचं कोण?

पुढचा पुढं आला.

दीडेक महिन्यानं मार्शला गेली.
आई म्हणाली, बग, म्हटलं होतं की.
कांदा मात्र तिनं
दिवाळीपर्यंत काढला नाही.